सोबतीचा नियम

साठच्या दशकाच्या शेवटी मी लोणावळ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात नावं नोंदवायच्या टेबलावर बसायची. थंडीत तिथं मोतीबिंदूची शिबिरं भरायची. ऑपरेशन फुकट, जेवण फुकट. तरी गावोगाव जाऊन तपासून ठेवलेली कितीतरी माणसं यायचीच नाहीत. संस्थेत सगळे म्हणत, खेड्यातली माणसं ऑपरेशनला घाबरतात. आमच्या वयस्क डॉक्टरांना ते पटत नसे.

"घाबरतात, हे आपण ठरवलं. त्यांना कुणी विचारलंय?" असं म्हणून त्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत न आलेल्यांची यादी माझ्या हातात दिली. "घरोघर जा. समजावू नका, नुसतं विचारा. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा."

मी आणि दवाखान्यातली आया मळवलीला उतरून भाजे गावापासून वर लोहगडाच्या पायथ्यापर्यंत वाड्या-वस्त्या फिरलो. तिथल्या एका वाडीत पन्नाशीची एक विधवा ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. दोन्ही डोळे पांढरे. एकुलता मुलगा देहूरोडला डेपोत हमालीला.

"मावशी, शिबिराला का आला नाहीत?" मी विचारलं.

"आलते की."

मी यादी पुन्हा पाहिली. "तुमचं नाव न आलेल्यांत आहे."

"नाव घेतलंच न्हाई. बाजाराला निघालेल्या बायकांनी दारात सोडलं मला. टेबलावरच्या बाईनं इचारलं, सोबत कोण आहे? म्हनलं, कोन न्हाई. तर म्हनली, सोबतीशिवाय घेत नाही, कुणाला तरी घेऊन या." तिचे हात थांबले. "तुमीच व्हता न्हवं? आवाज त्योच हाय."

मीच होते. डोळ्यांवर पट्टी बांधून रोगी आठवडाभर निजून राहायचा, त्याला भरवायला, संडासला न्यायला घरचं माणूस हवं, असा नियम होता. दाराजवळच्या फळ्यावर तो मीच लिहिला होता. ती मात्र मला आठवेना. ते वाक्य मी दिवसभर कितीतरी जणांना सांगत असे.

"हो, मावशी. मीच."

"तुमी तरी काय करनार," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली.

तेव्हा मुलाला रजा मिळाली नव्हती, असं तिनं सांगितलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात एक डोळा इतका दुखला की ती भिंतीवर डोकं आपटायची. मग दुखणं थांबलं. काही महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याचं तेच.

तिचा हात धरून आम्ही तिला डॉक्टरांकडं आणलं. अंधाऱ्या खोलीत त्यांनी विजेरी पेटवली. "उजेड कुठून येतोय?" तिनं बोट दाखवलं. त्यांनी विजेरी विझवली आणि पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा बोट दाखवलं, अगदी खात्रीनं. बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "वेळेवर आली होती ती. मोतीबिंदू फार पिकून डोळे आतून गेले. आता काही उरलं नाही."

घरोघर लिहून आणलेल्या वहीत भीतीपेक्षा हेच कारण जास्त वेळा निघालं: सोबत न्हाई. डॉक्टरांनी विश्वस्तांपुढं ती वही पानामागून पान वाचून दाखवली. नियम गेला. पुढच्या थंडीत एकट्या रोग्यांसाठी दोन बाया नेमल्या, भाज्यापर्यंत गाडी जाऊ लागली, खाटांपासून संडासापर्यंत धरून चालायला दोर बांधला. एकट्या आलेल्यांनी, त्यातही बायकांनी, पडवी भरून गेली.

त्या बायकांना धीर यावा म्हणून डॉक्टरांनी त्या वाडीतल्या मावशीला बोलावलं. ती आली. त्यांच्या उशाशी बसून गप्पा मारी, चाचपत पाणी पाजी. पट्ट्या सोडायच्या सकाळी एक म्हातारी स्वतःचे हात बघत राहिली. "नखं लय वाढल्यात गं माजी," म्हणून हसू लागली.

मावशीनं माझा पदर ओढला. "मला घरी सोडा."

"का, मावशी?"

"दिसाया लागलं की मानसाचा आवाज बदलतो. त्यो ऐकवत न्हाई."

त्याच दिवशी मी तिला घरी पोचवलं. ती पुन्हा शिबिराला आली नाही. मीच अधूनमधून जायची. दर वेळी माफी मागायचं ठरवून जायची आणि चहा पिऊन परत यायची. एका उन्हाळ्यात गेले तर दाराला कडी होती. शेजारीण म्हणाली, मुलानं देहूरोडला नेलं होतं, तितंच गेली.