टेपवरची खरखर

काल एका लग्नात रेकॉर्डची सनई वाजत होती. पंगतीत कुणीतरी "सावकाश होऊ द्या" म्हणालं आणि माझा घास हातातच राहिला.

अप्पा गेले तेव्हा त्यांचा आवाज ताईच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्येच काय तो उरला होता. टेपला खरखर फार. आई टीव्हीला कान लावायची, मग त्या खरखरीमागून अप्पा पंगतीला म्हणायचे, "मंडळी, सावकाश होऊ द्या."

सीड्या नव्या निघाल्या तशी आईने परळीच्या शूटिंगवाल्याकडून त्या कॅसेटची सीडी करून घेतली. त्याने दुकानातच लावून दाखवली. सनई काचेसारखी स्वच्छ वाजत होती. पंगतीत अप्पांचे नुसते ओठ हलत होते.

"ह्यांचा आवाज कुठं हाय?" आईने विचारलं.

"टेपची खरखर लई होती, काकू. समदा आवाज काढून वर सनई टाकली. सगळ्यांना तसंच लागतं."

"मग आमची कॅसेट द्या माघारी."

"तिच्यावर दुसरं लगीन भरलं की."

त्याचा चेहरा इतका सरळ होता की शिवीही देता येईना. आईने सीडी पदरात गुंडाळली.

आता आईही नाही. अप्पा ते कसं म्हणायचे, मला आठवत नाही. खरखर तेवढी आठवते.