भोंग्यावरचा हीथ

माईकचं बटण खाली केलं की माईक बंद होतो, अशी माझी पक्की समजूत होती. जुन्या माईकच्या बाबतीत ती खरीही होती. पण या हिवाळ्याच्या सुरुवातीला क्लबने नवा माईक आणला आणि त्याच्यामागे माणूस मात्र जुनाच ठेवला. नव्या माईकचं बटण वर केलं की तो बंद होतो. ही गोष्ट मला आणि अख्ख्या पोर्ट टॅलिस गावाला एकाच वेळी कळली.

सामन्याच्या चार सत्रांतलं तिसरं नुकतंच संपलं होतं. खेळाडू मैदानाच्या मधोमध संत्र्याच्या फोडी चोखत उभे होते. कठड्याला नाक लावून लागलेल्या गाड्यांमध्ये थर्मासची झाकणं उघडत होती. मी भोंग्यावरून गुण सांगितले, कुणाच्यातरी निळ्या पिकअपचे दिवे चालू राहिलेत तेही सांगितलं, बटण खाली केलं आणि खुर्चीत मागे रेललो. शेजारी डेस होता. डेस पूर्वी बार्ली पिकवायचा. आता जमीन मुलीकडे आहे आणि त्याच्याकडे मतं आहेत.

"या हीथचं काय झालंय रे?" डेस म्हणाला.

त्या महिन्यात गावात सगळेच एकमेकांना हे विचारत होते. हीथ पेनबर्थी आमचा मिडफिल्डर. खेळ आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, चेंडू हातानेही धरता येतो असा. पंचाने चेंडू आपटला की मधोमध जी झोंबाझोंबी होते तिच्यातून चेंडू घेऊन हीथने बाहेर पडायचं आणि पुढचं बाकीच्यांनी जमेल तसं बघायचं, अशी आमच्या संघाची एकूण योजना. आणि तोच हीथ हल्ली दर वेळी चेंडूच्या पाऊलभर मागे पोचत होता. कारणं गाडीगणिक वेगळी. बेकरीवाली म्हणे, त्याला पोटभर खायला घाला. गॅरेजवाला म्हणे, उजव्या बाजूचं अलाइनमेंट गेलंय. औषधांच्या दुकानातल्या बाई म्हणत, रक्तात लोह कमी असणार. ज्याच्या दुकानात जे विकायला होतं, ते हीथला कमी पडत होतं.

मी जन्मभर मेंढ्यांचे लिलाव पुकारले. तेव्हा मीही माझ्याच दुकानातलं काढलं.

"झालं काय म्हणून काय विचारतोस? मेंढा संपला," मी म्हणालो. "तोंड उघडून बघ, दात गेलेत. मागच्या पायांत काही उरलेलं नाही. उद्या बाजारात उभा केला ना, तर बोली कुठून सुरू करू असा प्रश्न पडेल मला. कुत्र्यांच्या खाण्यातच जायचा."

बोलताना आवाज जरा घुमल्यासारखा वाटला. बरं वाटलं. लिलाववाल्याला आपला आवाज घुमलेला आवडतो. मग पलीकडच्या पाइनच्या झाडांवरच्या भोंग्यातून "जायचा" हा शब्द एकटाच, थोडा उशिराने, परत आला. आणि डेसने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मयताला गेल्यावर काढतो तशी.

मैदानाच्या मधोमध हीथने मान वर करून आमच्या माईकच्या खोलीकडे पाहिलं. त्याने संत्र्याचं साल दातांवर बसवलं होतं, लहान पोरं हसवायला बसवतात तसं. ते त्याने हळूच काढलं. कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी ओरडलं नाही. त्या शांततेत कँटीनच्या खिडकीचा पत्रा धाडकन खाली आला.

सामना चालू असताना ती खिडकी बंद झालेली गावाने कधी पाहिली नव्हती. कँटीन ग्लेनिसचं. ग्लेनिस पेनबर्थी. हीथची आई.

ग्लेनिसबद्दल सांगणं अवघड, कारण ती स्वतःच फार कमी सांगते. तिचा नवरा रेक्स धान्याचा ट्रक चालवायचा. एका सुगीनंतर तो ट्रक घेऊन पश्चिमेला गेला. गहू पोचला, रेक्स काही परत आला नाही. गाव महिनाभर हळहळलं. ग्लेनिस एवढंच म्हणाली, "ट्रक चांगला होता." मग ती मासळीच्या शेडमध्ये मासे कापायला लागली आणि शनिवारी कँटीनमध्ये उभी राहायला लागली. हीथचे पहिले बूट क्लबने दिले होते, आणि कुणाचं काही तसंच ठेवून घेणं तिला जमत नाही. पुढे हीथ नळजोडणीची कामं करू लागला, स्वतःचे बूट स्वतः घेऊ लागला, पण ग्लेनिस कँटीनमध्ये राहिली ती राहिलीच.

तुम्हाला काय हवंय हे ती विचारत नाही. तुम्ही खिडकीशी पोचेपर्यंत तुमची पेस्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेली भाजकी करंजी, कागदी पिशवीत पडलेली असते. सॉस पाहिजे तेवढा मिळतो, पण 'प्लीज' म्हटल्याशिवाय नाही. पंचसुद्धा म्हणतात. एकदा क्लबच्या अध्यक्षांनी चिप्स मऊ पडल्याची तक्रार केली. ग्लेनिसने त्यांच्या हातून चिप्स परत घेतल्या, त्यांच्यासमोर एक एक करून सगळ्या खाल्ल्या आणि म्हणाली, "चांगल्या आहेत." अध्यक्ष त्या दिवशी उपाशी राहिले.

त्या शनिवारी आम्ही हरलो. मी मान खाली घालून कपडे बदलायच्या खोलीत गेलो. हीथ घोट्यावरची पट्टी सोडवत बसला होता.

"हीथ, मी जे बोललो ना..."

"सोड रे केल्व," तो म्हणाला. "पाय जड झालेत हे मला कळत नाही होय? माझेच आहेत." पट्टीचा गोळा करून त्याने डब्यात टाकला. "माझं राहू दे. आईचं बघ. तिने मला कधी खेळताना बघितलेलं नाही."

"काहीतरीच काय? दर शनिवारी असते की ती."

"कँटीनमध्ये असते. तिच्या खिडकीतून काय दिसतं, बघितलंयस कधी?"

बघितलं होतं. चांगलंच बघितलं होतं. कँटीन बांधलं तेव्हा समुद्रावरच्या वाऱ्याने सॉस उडायला नको म्हणून मैदानाकडे पाठ करून खिडकी काढा, ही अक्कल माझीच. तिथून पाण्याची टाकी दिसते.

"तू भोंग्यावर सांगतोस तेवढंच तिला माहीत," हीथ म्हणाला. "रात्री जेवताना मलाच सांगते मग. आज तिघांना चुकवून गेलास म्हणे."

मी बाकावर बसलो. तिघांना चुकवून. मला तो सामना आठवत होता. त्या वेळी हीथच्या आसपास एकच माणूस होता आणि तोही बुटाची नाडी बांधत होता.

सवय असते हो. मेंढी लिलावाला उभी केली की तिच्या अंगावर नसलेली लोकरही तोंडाने चढवायची. भोंग्यावर "गोल, सात नंबर, हीथ पेनबर्थी" एवढं म्हणून मी कधी थांबलोच नाही. त्याच्या जर्सीच्या बाह्या हातांखाली लोंबायच्या तेव्हापासून मी त्याच्यावर लोकर चढवत आलो. वाऱ्याच्या तोंडावर मारलेला गोल, एका हाताने घेतलेला झेल, पाठीवर दोघे लटकलेले असताना काढलेला चेंडू. बहुतेक वेळा वारा त्याच्या पाठीशीच असायचा. आणि भिंतीपलीकडे ही बाई चिप्स हलवत ते सगळं खरं मानून घरी नेत होती. आता त्याच आवाजाने तिला सांगितलं होतं की तुझा मुलगा कुत्र्यांच्या खाण्यात जायचा.

रविवारी मी तिच्या घरी गेलो. ती मागच्या अंगणात नळाखाली स्क्विड साफ करत होती. मला पाहून तिने नळ बंदही केला नाही.

"ग्लेनिस, काल जे मी..."

"ऐकलं मी. परत नको."

"अगं, आम्ही दोघं म्हातारे आपले बडबडत बसतो. त्यात काही..."

"खरं होतं का ते?"

मी बोलण्यावर पोट भरलेला माणूस. भर उन्हात, सगळा कळप विकून होईपर्यंत श्वास न घेता बोलू शकतो. त्या अंगणात मला एक वाक्य सापडेना.

"हल्ली जरा, म्हणजे, कमी पडतोय तो," मी म्हणालो.

"म्हणजे खरं." तिने स्क्विडचं डोकं ओढून बादलीत टाकलं. "मग आधीचं?"

"कुठलं आधीचं?"

"आधीचं सगळं."

मी तिच्या बादलीकडे बघत राहिलो. तिने हात धुतले, आत गेली आणि कँटीनची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली.

"शनिवारी तू उघड," ती म्हणाली. "मी नाही उघडणार."

"आणि पुढच्या शनिवारी?"

ती नळाकडे वळली होती. कँटीनला ग्लेनिस नसेल तर हा क्लब म्हणजे नुसती गाड्या लावायची जागा, हे मला त्या अंगणातून बाहेर पडताना समजलं, आणि तो माझ्यामुळे तसा होणार होता.

आठवडा माझा कसा गेला ते विचारू नका. बेकरीत गेलो तर बेकरीवालीने पाव द्यायच्या आधी आ वासला. "बघून घे केल्व, दात अजून सगळे आहेत." गॅरेजवाल्याने मला दारातच उभा करून माझी पाठ चाचपली आणि आतल्या माणसाला ओरडून सांगितलं, "याच्यावर बोली नको लावू रे, कातडंच आहे नुसतं." मी हसलो. हसायला लागतं. घरी येऊन दार लावून घेतलं.

शनिवारचा सामना हरलो तर हंगाम संपणार होता. हीथ संघात होता. त्याच्या जागी घ्यायला दुसरं होतंही कोण? भोंग्यावर डेसला बसवलं, बटण कधी वर, कधी खाली करायचं ते कागद चिकटवून सांगितलं, आणि मी ग्लेनिसचा ॲप्रन बांधून खिडकीत उभा राहिलो.

पेस्ट्यांची पहिली रास मी करपवली. दुसरी आतून गार निघाली. गिऱ्हाईकं सवयीने "सॉस, प्लीज" म्हणायची आणि मग मला बघून प्लीज परत घेतल्यासारखं तोंड करायची.

"ग्लेनिस कुठे आहे?" मी बेकरीवालीला विचारलं.

"कठड्याला. सकाळच्या पोरांच्या सामन्यापासून उभी आहे. खुर्ची दिली तर नको म्हणाली."

"काही बोलली?"

"ग्लेनिस?" बेकरीवाली म्हणाली. "सॉस घाल आधी."

मग पंचांची शिट्टी झाली आणि सगळी गिऱ्हाईकं मैदानाकडे पळाली. मी आणि टाकी उरलो. जवळून हॉर्न वाजले तर आपला गोल, पाइनखालून वाजले तर पाहुण्या संघाचा, एवढं मला हळूहळू उमगलं. पण कोणी केला? कसा केला? डेस भोंग्यावर म्हणायचा, "गोल," आणि खोकायचा. बस्. मी चिमटा हातात धरून भिंतीला कान लावला. मधेच हजार माणसांनी एकदम श्वास घेतल्यासारखा आवाज यायचा आणि पुढे काहीच नाही. हीथ पडला का, उठला का, त्याच्याकडे चेंडू तरी गेला का? डेस, लेका, नाव तरी सांग. एक शब्द खोटा सांगितलास तरी चालेल. हे मनात आलं आणि माझी मलाच इतकी लाज वाटली की मी पेस्ट्यांचं कपाट उगाचच पुसून काढलं.

शेवटचा भोंगा झाला. हॉर्न दोन्हीकडून वाजत होते. काही कळायला मार्ग नव्हता.

मग ग्लेनिस खिडकीपुढे येऊन उभी राहिली. गिऱ्हाईकांच्या बाजूला. डोक्यावर ठेवणीतली टोपी, आणि दिवसभर उघड्यावर उभं राहून नाक लाल झालेलं. तिने करपलेल्या पेस्ट्यांकडे पाहिलं, गार पेस्ट्यांकडे पाहिलं. बाजूची फळी उचलून आत आली, माझ्या पाठीमागची गाठ सोडून ॲप्रन काढून घेतला आणि स्वतःला बांधला. मला कोपराने तळणाच्या कढईपासून बाजूला केलं.

"जिंकलो?" मी विचारलं.

"हो."

"आणि हीथ? कसा खेळला?"

तिने चिप्सची जाळी उचलली, झटकली, परत तेलात सोडली.

"तू सांगतोस तेवढा काही तो चांगला नाही."