शिवकन्याची दहा मिनिटं

शिवकन्या माझ्या थोरल्या लेकाची, बंकटची, मुलगी. बंकट अन् सून दर साली दिवाळीच्या आगेमागे ऊस तोडायला कारखान्यावर जातात, म्हणून ही लहानपणापासून माझ्यापाशीच वाढली. आमच्या युसूफ वडगाव गावातून एसटीनं केजला कॉलेजात जायची. जाण्याआधी रोज सकाळी आमच्या बायांच्या दूध सोसायटीत दूध तपासायची. सोसायटीत सगळ्याच बाया. चेअरमन मुक्ताबाईपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना सही करायला घाम फुटतो, त्यामुळे दुधात काचेची नळी सोडून तिच्यावरचा आकडा वाचायचं काम हिच्याकडं आलं. त्या आकड्याला डिग्री म्हणतात. पाणी घातलं की डिग्री उतरते. सव्वीसच्या खाली आली की दूध परत, अन् ती बाई गावभर चोर.

हे दोन हजार पंधराचं साल. लागोपाठ दुसरा पावसाळा कोरडा चाललेला. पोळ्याला आम्ही बैल धुतले नाहीत, ओल्या फडक्यानं पुसून काढले.

त्यातच कॉलेजात बिभीषण सरांनी एकेकाला विषय वाटून दिले. वर्गापुढं उभं राहून दहा मिनिटं बोलायचं, त्याला वीस मार्क. शिवकन्याच्या वाट्याला ‘दुष्काळ आणि सहकार’ आला. मी म्हणलं, बरं झालं, दोन्ही घरचेच हायत.

बंकटला मात्र त्याचं कौतुक नव्हतं. “ह्यात नापास झालीस तर वर्ष जाईल. मग यंदा आमच्यासंगं चल. तिथं पाचटाच्या कोपीवर भाकरी थापायला माणूस पाहिजेच हाय.” लेक माझा वाईट नाही. पण पहाटे तीनला उठून फडात जाणाऱ्या माणसाला कॉलेज म्हणजे सावलीत बसायचं काम वाटतं.

शिवकन्या घाबरली. मला म्हणली, “आजी, कसं करू गं?” मी चौथीपर्यंत शिकलेली, तेही आता विसरलेली. आमच्या वेळी गुरुजी जे म्हणायला लावायचे तेच मला ठाऊक. म्हणलं, पाठ कर. तिनं गाईडातली चार पानं पाठ केली. मी तिला गोठ्यात गायीपुढं उभी करून तीनदा म्हणवून घेतलं. गाय काही बोलली नाही, म्हणून मला वाटलं तयारी झाली.

गुरुवारी पोर घरी आली ती दप्तर फेकून आडवी झाली. जेवेना. शेवटी उठून बसली अन् सांगायला लागली.

“सहकार म्हणजे परस्परांच्या हितासाठी स्वेच्छेने एकत्र आलेल्या... इथंच अडकलं बघ. पुढचं आठवंना. कागदात बघितलं तर सगळ्या ओळी सारख्याच दिसायल्या. मागून तो तलवाड्याचा शहादेव ओरडला, ‘आवाज!’ सगळे हसले. मी बसले खाली.”

“सर काय म्हणले?”

“पुढच्या गुरुवारी परत उभी राहा म्हणले. ही शेवटची बारी.”

माझी शिकवण आमच्या गायीलाच पुरेशी होती, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीत रांग लागलेली. छबुबाईची किटली आली. शिवकन्यानं नळी सोडली. पंचवीस. मागून कुणीतरी म्हणलं, “घातलं का छबू पाणी?”

छबुबाई खवळली. “अगं, टँकर चौथ्या दिवशी येतोय! प्यायला न्हाई पाणी, दुधात कुठून घालू? पाणी असतं तर आधी मी आंघोळ केली असती!”

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. तेव्हा शिवकन्या स्टुलावर उभी राहिली अन् नळी हातात धरून म्हणली, “काकू, गप. ऐका. ही नळी पाणी मोजत न्हाई. ही घट्टपणा मोजती. गायीच्या पोटात हिरवं न्हाई, नुसता वाळका कडबा, तोबी अर्धपोटी. मग दूध पातळच येणार. पाणी घातलं तरी पंचवीस, अन् गाय उपाशी असली तरी पंचवीस. नळीला कसं कळावं, चोर कोण अन् उपाशी कोण?”

मुक्ताबाईनं विचारलं, “मग वळखायचं कसं?” तर ही म्हणली, दोघी-तिघींनी जाऊन छबू काकूच्या गोठ्यात समोर धार काढून बघायची. तेव्हाही पंचवीसच आली तर दूध घ्यायचं. मुक्ताबाईला पटलं. सांजच्या धारेला तिघी गेल्या अन् बघून आल्या. पंचवीसच होती.

दूध घेतलं. छबुबाईनं रिकामी किटली कमरेवर घेतली. “कालेजातबी असंच बोलतीस का गं?”

त्या रात्री शिवकन्यानं गाईड फडताळात टाकलं.

मग पुढचे चार-पाच दिवस दूध घालून झालं की ती सोसायटीत बायांपुढं बोलून बघायची. आमच्या बायांना कुणाचा मुलाहिजा नाही. दगडाबाई म्हणली, “खाली बघून कावून बोलती? मला वाटलं माझ्या पायापाशी विंचू हाय.” कौशल्याबाईला कमी ऐकू येतं, तिला सगळ्यांच्या मागं बसवायचं ठरलं. तिला ऐकू गेलं तर साऱ्या वर्गाला जाईल. अन् ‘सहकार म्हणजे’ म्हणून सुरू केलं की छबुबाई हात हलवायची, “ते ऱ्हाऊ दे. आधी माझं दूध कावून परत चाललं व्हतं ते सांग.” शिवकन्यानं तेच पहिलं घेतलं. कागदावर फक्त चार शब्द ठेवले. नळी, गाय, गोठा, चारा.

गुरुवारी तिनं सोसायटीची नळी, एक भांडं अन् तीन बाटल्या दूध घेतलं. एसटीच्या गर्दीत सांडेल म्हणून मी ते मांडीवर धरून संगं गेले. मी व्हरांड्यात बसणार होते, पण सर म्हणाले, “आजी, आत या.” मागच्या बाकावर बसवलं.

पोर पुढं गेली. तिनं तिन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या अन् बारीक आवाजात म्हणली, “यातल्या एका दुधात पाणी हाय. कोणत्या? शहादेव, तू ये. बघून सांग.”

शहादेव ऐटीत गेला. भांड्यात दूध ओतलं अन् नळी वरूनच सोडली.

“ए! हळू!” शिवकन्या ओरडली. “म्हशीला डोहात ढकलायलास का? सोसायटीची नळी हाय ती!”

वर्ग खदखदून हसला. शहादेवबी हसला. अन् शिवकन्यालाही हसू फुटलं. तिथून पुढं तिचा आवाज सोसायटीतला झाला.

शहादेवनं वाचलं. पहिलं एकोणतीस, दुसरं पंचवीस, तिसरंबी पंचवीस. तो डोकं खाजवायला लागला. शेवटी त्यानं दुसऱ्या बाटलीवर बोट ठेवलं.

“ते आमच्या गायीचं हाय,” शिवकन्या म्हणली. “त्यात एक थेंब पाणी न्हाई. तिला चारा न्हाई. पहिलं गावातल्या सुंदररावांच्या गायीचं, त्यांच्या विहिरीला अजून पाणी हाय. पाणी तिसऱ्यात हाय, ते मीच घातलं. आता सांगा, सोसायटीनं आमचं दूध परत करावं का?”

मग तिनं छबुबाईच्या गोठ्याचं सांगितलं. एकट्या बाईचं म्हणणं कुणी ऐकत नाही, पण तिघींनी डोळ्यांनी बघितलं की ते सोसायटीचं म्हणणं होतं, हे सांगितलं. सहकार हा शब्द तिनं शेवटी एकदाच घेतला. तोवर सगळ्यांना त्याचा अर्थ कळलेला होता.

सरांनी विचारलं, “सगळ्याच गावात असं गोठ्यात जाऊन बघणं जमेल का?”

“माहीत न्हाई सर. आमच्याकडं चाळीस बाया हायत. चारशे असत्या तर कसं केलं असतं, हे विचारून सांगते.”

सर मान हलवून लिहायला लागले. सोळा मार्क दिले. वेळ जास्त लागला म्हणून दोन कापले, उरलेले दोन कशाचे ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी बंकट कोयत्याला धार लावत बसला होता. सोळा ऐकून “हं” म्हणला. कोयता उलटा करून म्हणला, “काय बोललीस एवढं? सांग की.”

तिनं सगळं सांगितलं. मधेच त्याचा हात थांबला. “चाऱ्याचं काय म्हणलीस? आमी तोडतो त्या उसाचे वाढे, वरचे हिरवे शेंडे, इकडं आले तर?”

“एकट्यानं आणून परवडायचं न्हाई, दादा,” ती बापाला म्हणली. “सोसायटीनं मिळून ट्रक केला तर येतील.”

“ट्रक भरणार कोण?”

“तुमी.”

“बघा! शिकून मलाच काम लावायली!” असं म्हणला खरा, पण तास-दीडतास बापलेक वाढ्यांवरच भांडत बसले. ‘संगं चल’ हा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघाली. सून ट्रकमध्ये बसली, बंकट चढला. शिवकन्या माझ्या शेजारी उभी होती, खांद्याला कॉलेजची पिशवी. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तसा बंकट वरून ओरडला, “पुढचं बोलायचं कधी हाय?”

“जानेवारीत!”

“मग फोन लाव. सरांच्या आधी मला सांग!”

आता उसाच्या फडात फोन चार्ज कुठं करायचा, हे त्याचं त्यानं बघावं.