कपाटात न आलेला चांदीचा वाघ

मंडळी, जुनी चांदीची जनावरं जमवण्याचा माझा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. आज मात्र सावली गावच्या सोनाराकडून रिकाम्या हातानं आलो.

एक म्हातारी बाई देव्हाऱ्यातला वाघ गाळायला घेऊन आली होती. पन्नासच्या दशकात तिचे वडील वाघाच्या जंगलातून जिवंत परतले, तेव्हा नवसानं घडवलेला. शाळेत तालावर म्हटलेल्या वाघाच्या कवितेतून उतरल्यासारखा!

म्हटलं, "बाई, मले द्या."

"भाऊ, रोज हळद लावान का त्याले?"

"नाई, काचेच्या कपाटात ठेवीन."

"वाघोबाले कोंडता काऊन? पणतूच्या गळ्यात ताईत होऊन रानात तरी फिरन!"

सोनारानं मूस तापवली.

"लावीन" एवढं खोटं बोललो असतो, तर वाघ वाचला असता. तुम्ही बोलला असता का?