आधी तोंड बघून ये

भिवंडी तालुक्यातल्या तमाम मांसाहारी नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, कशेळीच्या अलीकडे खाडीकाठच्या यमुनामावशीच्या वाडीवर मटण न्यायला येणाऱ्याने काळी पिशवी आणू नये. आणल्यास पिशवी फाडली जाईल, आणणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी होईल आणि मटण मिळणार नाही. हुकुमावरून.

हा हुकूम कुठं लिहिलेला नव्हता, तो मावशीच्या जिभेवर असे. पहिल्यांदा तो माझ्यावरच बजावला गेला. माझं धामणकर नाक्यावर लूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे. एकदा दोन मित्रांना घेऊन मी मोठ्या ऐटीत डुकराचं मटण आणायला गेलो. सख्खी मावशी, मान मिळणार, असा हिशोब. खिशातून काळी पिशवी काढली मात्र, मावशीनं मान खाली घातली, भुवयांच्या खालून माझ्याकडं पापणी न हलवता बघितलं आणि नाकानं एक लांब श्वास सोडला. एवढं झालं की समजायचं, आता सुटका नाही.

"चोरून नेतंस का रं? खायाची लाज वाटतं तं भेंडी खा."

मग तिनं आम्हा तिघांना भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात नेलं. तिथं डुकरं नाकानं ढेकळं उलथत, उरलेसुरले दाणे आणि मुळं शोधत हिंडत होती. पुढच्या रविवारी कापायचं डुक्कर तिनं दाखवलं, आमच्या हातात केळीच्या साली दिल्या आणि त्याला चारायला लावल्या. "ज्याचा घास, त्याचं तोंड बघा. नाय बघवत? मंग घास पन नाय." आमच्यातला एक मित्र त्या दिवसापासून शाकाहारी आहे. त्याची बायको मावशीला अजून दुवा देते.

मावशीची वाडी म्हणजे एका नाल्यानं दुभागलेलं राज्य होतं. अलीकडं डुकरं, पलीकडं टोणगे. गाय-बैलाला कायद्यानं हात लावता येत नाही, त्यामुळं मावशीकडचं 'बडं', म्हणजे मोठ्या जनावराचं मटण, असे ते म्हशीच्या नर पिल्लाचं, तेच चारून मोठं केलेलं. ही पिल्लं ती तबेल्यांतून आणायची. म्हैस व्याली आणि नर निघाला, की त्याला कोपऱ्यात बांधून ठेवतात. दूध विकायचं असतं, त्याच्या तोंडात कोण घालणार? चार दिवसांत ते आपोआप संपतं. मावशी टेम्पो घेऊन तबेल्यावर जायची, मालकाला आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा शिव्या घालायची आणि लटपटती पिल्लं उचलून आणायची. "मी पन मारते," ती म्हणायची. "पन मी मरन देते, उपास नाय देत." तिच्याकडं ती दोन-अडीच वर्षं माळावर चरत, दुपारी तळ्यात डुंबत. मग बड्याचे व्यापारी करीमभाई येत आणि त्यांना परवान्याच्या कत्तलखान्यात नेत.

करीमभाई येत ते भर उन्हाळ्यातही छत्री घेऊन, आणि ती छत्री डुकरांच्या बाजूला आडवी धरून नाल्याच्या काठानं चालत. मावशी त्यांच्याशी दरवेळी कडाकडा भांडायची. टोणग्याला चालताना काठी लागली तर पुढच्या वेळी मिळणार नाही, असा दम भरायची. पण करीमभाईंचा टेम्पो दिसला, की आधी धावत जाऊन डुकरांना आत कोंडायची आणि त्यांच्यावर ओरडायची, "आत व्हा रं, पावना आलाय." गावातली काही मंडळी दिवसा तिच्या वाडीकडं नाक मुरडत आणि संध्याकाळी डबा पाठवत. त्यांच्यासाठी मात्र तिनं कधी काही कोंडलं नाही. उलट डब्याबरोबर एखादं डुक्करच त्यांच्या दारात पाठवायची धमकी द्यायची.

डबा पाठवणाऱ्यांत पहिला नंबर दत्तूचा, म्हणजे तिच्या दिराच्या मुलाचा. ठाण्यात फ्लॅट, गळ्यात बोटभर जाडीची साखळी. लहानपणी काकूच्या चुलीपाशी बसून हाडं चोखलेला हा माणूस मोठेपणी वाडीवर पाय ठेवत नसे. ड्रायव्हर स्टीलचा डबा घेऊन यायचा. दत्तू पोटच्या पोरासारखा, म्हणून मावशीनं तेवढ्या एकाच माणसाला तोंड बघायची अट घातली नव्हती. याचा तिला पुढं फार राग आला. स्वतःचा.

कारण दत्तूनं आपल्या वाट्याची जमीन गोदामाला दिली, स्वतःच भागीदार झाला आणि वाडी व तळं यांच्या बरोब्बर मध्ये ते अजस्र पत्र्याचं धूड उभं राहिलं. जनावरांची तळ्याकडं जायची वाट त्याच्या पोटात गेली. म्हशीच्या जातीला उन्हाळ्यात पाण्यात बसायला मिळालं नाही, तर ती तडफडते. डुकराला तर घामसुद्धा येत नाही, त्याला चिखल पाहिजेच. तळं गेलं म्हणजे वाडी गेली. मावशी रोज गेटवर जाऊन उभी राही. वॉचमन म्हणे, "मौसी, साहब से बात करो." साहेब फोन उचलत नसे. मी मध्यस्थी करायला गेलो, तर दत्तूनं मला एसीत बसवून चहा पाजला आणि सांगितलं की काकूनं आता आराम करावा. मला तो चहा अजून आठवतो. त्याच्या अंगावर ओतला नाही, याची हळहळ आजही वाटते.

आणि मग वास्तुशांत आली. गुरुजींनी सांगितलं, पहिलं पाऊल गाईचं पडलं पाहिजे. इथं दत्तूची चूक झाली. काकांच्या वेळी वाडीवर एक कपिला गाय होती, तेवढी त्याच्या ध्यानात होती. ती मरून किती काळ लोटला, हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. इतक्या वर्षांत बघायला आला होता कोण? त्यानं फोन केला. काकू, मोठी तू आहेस, मान तुझा. घरचं जनावर घेऊन ये, पहिलं पाऊल त्याचंच पडू दे.

मावशीनं फोन ठेवला आणि मला बोलावून घेतलं. तिला इतकी शांत मी कधीच पाहिली नव्हती.

त्या दिवशी गोदामाला झेंडूची तोरणं होती, पाहुणे होते, सनई लावलेली होती. दोन्हीकडची शटरं वर केली होती. मावशी नऊवारी नेसून, हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं आली. मागून तिची मुलगी सुषमा आणि सुषमाच्या मागं सगळे टोणगे, त्यांच्या मागं सगळी डुकरं. कुणीही हाकत नव्हतं. उन्हाळ्याचे दिवस, आणि समोरच्या उघड्या शटरातून पलीकडचं तळं दिसत होतं. ती सगळी पलटण एका शटरातून आत शिरली, रांगोळीवरून, सतरंजीवरून, पाहुण्यांच्या बुटांवरून सरळ चालत दुसऱ्या शटरातून बाहेर पडली आणि पाण्यात जाऊन बसली. गुरुजी खुर्चीवर चढून मंत्र म्हणत होते. ते थांबले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

दत्तू ओरडत आला. मावशीनं ताट खाली ठेवलं. "घरचं जनावर आन बोल्लास, आनलं. मी वाट नाय दाखवली त्यांना. त्यांची त्यांना ठाव हाय."

पहिलं पाऊल ज्यांचं पडलं त्यांचीच वाट अडवली तर अपशकुन होईल, या भीतीनं दत्तूनं गोदामाच्या भिंतीलगत एक गल्ली सोडली, शिंगांसकट एक टोणगा जाईल एवढी. गावानं मावशीचं कौतुक केलं, तर ती गावावरच उखडली. माझीच वाट मला उष्ट्यासारखी वाढली आणि तुम्ही टाळ्या वाजवता, म्हणाली. दत्तूचा डबा मात्र तिनं त्या दिवसापासून रिकामा परत पाठवला.

गेल्या वर्षी ती गेली. त्याच गल्लीतून जनावरं परत आणताना बसली, ती उठलीच नाही. करीमभाई आले. वाडीच्या मधोमध उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी छत्री आणली नव्हती.

सुतकाचे दिवस सरल्यावर तिखटाचं, म्हणजे मटणाचं जेवण घातलं. पंगतीत दत्तू येऊन बसला, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, डोळे पुसत. सुषमा पातेलं घेऊन वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली आणि पळी हवेतच थांबली. तिनं मान खाली घालून भुवयांखालून त्याच्याकडं बघितलं.

"दादा, आधी तोंड बघून ये."

दत्तू कसनुसा हसला. ते तर पातेल्यात आहे, म्हणाला.

"त्याची आई हाय ना गोठ्यात. तिचं बघ."

आख्खी पंगत हात थांबवून बसली होती. उठण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दत्तू गेला, मी मागोमाग. म्हातारी डुकरीण कुडाला टेकून उभी होती. तिनं मान खाली घातली, लोंबत्या कानांच्या आडून पापणी न हलवता त्याच्याकडं बघितलं आणि नाकानं एक लांब श्वास सोडला. दत्तू दोन पावलं मागं सरला आणि पंगतीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेला,

"आयला, काकू अजून रागावलेलीच हाय."