डावा हब

ऑगस्टमधल्या एका रविवारी सुभेदार गेले. जीप नाल्याच्या चढावर अडकली होती. स्टिअरिंगवर मी होतो.

सुभेदार लष्करात कधीच नव्हते. मखमलाबादला त्यांचा गुलाबाचा मळा होता. देवळालीच्या लष्करी लिलावातून त्यांनी एक जुनी हिरवी जीप आणली आणि तिचा रंग काही केल्या बदलला नाही, म्हणून गावानं त्यांना ही पदवी दिली. रस्त्यात कुणी गमतीनं सॅल्यूट ठोकला तर ते अगदी गंभीर चेहऱ्यानं परत ठोकत. आठवडाभर जीपमधून फुलं बाजारात जायची आणि रविवारी तीच जीप डोंगरात जायची. त्यामुळे तिच्यात पेट्रोल आणि गुलाब यांचा मिळून एक वास असे. तो वास चांगला होता की वाईट, हे मला आजही ठरवता येत नाही.

माझी त्यांची ओळख ग्रंथालयात झाली. मी तिथे नोकरीला होतो, अजून आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. फुलं बांधायच्या सुतळीनंच ते बांधलेलं होतं. म्हणाले, "हे जीपचं पुस्तक हाय, सर. गाडी माझी, पण तिच्या पोटात काय हाय ते इंग्रजीत लिहिलंय. तुम्ही वाचा आन मला सांगा."

ते पुस्तक मी घरी नेलं आणि तीन महिन्यांत त्याचं मराठी करून एका दोनशेपानी वहीत लिहून दिलं; मूळ पुस्तक माझ्याकडेच राहिलं. मी तोवर कुठल्याही गाडीच्या स्टिअरिंगमागे बसलो नव्हतो. गिअरबॉक्सच्या मागे चारही चाकांना ताकद वाटून देणारी एक 'ट्रान्सफर केस' असते, तिला मी वहीत 'हस्तांतरण पेटी' असं लिहिलं होतं. भद्रकालीतले रशीदभाई मिस्त्री हा शब्द वाचून इतके हसले, की पुढे दहा वर्षं ते मला पाहिलं की विचारत, "काय सर, आज हस्तांतरण पेटी उतरवायची का?" बाकीचे जीपवाले मला 'मॅन्युअल' म्हणू लागले. सुभेदारही म्हणू लागले, पण 'तुम्ही' सोडलं नाही. "मॅन्युअल, तुम्ही पुढं बसा," एवढं म्हणून ते दार उघडून धरत. तेव्हापासून डावी सीट माझी झाली.

रविवारी सकाळी त्र्यंबक रोडवरच्या एका टपरीपाशी तीन जीपा उभ्या राहत. एक सुभेदारांची, एक रशीदभाईंची, आणि एक गिरीशची. गिरीश सिन्नरच्या एका कारखान्यात टूलरूमला होता आणि त्यानं आपल्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. सुभेदारांना ते मान्य नव्हतं. ते म्हणत, "गिरीशच्या गाडीतून उतरलं की आधी दात मोजून घ्यायचे." गिरीश म्हणे, की दात राहू द्या, तुमची गाडी उभ्या उभ्या पेट्रोल पिते त्याचं बघा. रशीदभाई दोघांनाही सांगत, की दोन्ही गाड्या माझ्याच हातातून गेल्यात, तेव्हा एकमेकांना नावं ठेवताना मला सांभाळून घ्या.

चहा संपला तरी बोलणं संपत नसे. टायरच्या नक्षीवर दोन तास कसं बोलता येतं, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. मी नुसता ऐकत बसे. एका हिवाळ्यात गिरीशच्या कारखान्यात टाळेबंदी झाली. त्या महिन्यात तो दर रविवारी फक्त क्लचबद्दल बोलला. क्लच घसरतो, क्लच धरत नाही, आता हा क्लच किती दिवस काढेल. सुभेदार एरवी त्याला मध्येच तोडत, त्या महिन्यात त्यांनी सगळं ऐकून घेतलं. निघताना त्यांनी त्याच्या जीपमध्ये भाजीची एक पाटी ठेवली आणि म्हणाले, "क्लचला जरा दम दे. धरंल तो." कारखाना पुढे सुरू झाला. क्लच कधीच बदलला नाही. त्या महिन्यात नक्की कशाविषयी बोलणं चाललं होतं, हे मी कुणाला विचारलं नाही.

या मंडळींचा एकच नियम होता आणि तो सुभेदारांनी घातला होता. ज्याची गाडी अडकेल, त्यानं पुढच्या रविवारी स्वतः सांगायचं. दुसऱ्यानं सुरुवात करायची नाही. "कारण सांगायचं, सबब सांगायची नाही," असं ते म्हणत. एकदा त्यांचीच जीप भाताच्या खाचरात पोटापर्यंत रुतली. पुढच्या रविवारी ते टपरीच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "मला वाटलं, खाली खडक हाय. उतरून बघितलं नाय. आळस केला." एवढंच. मग हसायची परवानगी होती.

आता हबविषयी सांगायला हवं. जुन्या जीपच्या पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक चकती असते. खाली उतरून ती हातानं फिरवली की चाक इंजिनाशी जोडलं जातं. याला हब लावणं म्हणतात. डांबरी रस्त्यावर हब मोकळे ठेवायचे, चिखल किंवा चढ आला की लावायचे. दोन्ही लागले पाहिजेत. एक जरी मोकळा राहिला, तर पुढची सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला वाया जाते आणि चारही चाकांची जीप दोन चाकांची होते. आत बसलेल्याला वाटतं, आपण चारही चाकांचा लीव्हर ओढलाय, म्हणजे झालं. जीपवाल्यांच्या हातून होणारी ही नेहमीची चूक आहे. माझ्या वहीत तिच्यावर एक पूर्ण पान आहे.

मी गाडी चालवत नव्हतो, म्हणून हब लावायचं काम माझ्याकडे आलं. मी उतरायचो, आधी उजवा, मग बॉनेटपुढून वळसा घालून डावा. मी परत बसलो, की सुभेदार उतरत आणि दोन्ही चकत्यांना हात लावून येत. एकदाही चुकवलं नाही. मला सुरुवातीला अपमान वाटला असावा, कारण त्यांनी आपणहून एकदा सांगितलं, "तुमच्यावर विश्वास नाय असं नाय, मॅन्युअल. मी माझा हातसुद्धा दुसऱ्या हातानं तपासतो." पुढे त्यांनी मला मळ्याच्या रस्त्यावर थोडी गाडी शिकवली. सपाटीवर मी चालवू शकत होतो. चढावर मला त्यांनी कधी बसवलं नाही.

त्या रविवारी गिरीशला पाहुणे होते आणि रशीदभाईंच्या घरी लग्न होतं. त्र्यंबकच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर सुभेदारांच्या ओळखीचं घर होतं. तिथे त्यांना गुलाबाची कलमं द्यायची होती, म्हणून आम्ही दोघेच गेलो. कलमं दिली, नाचणीची भाकरी खाल्ली. परत निघालो तेव्हा पाऊस धरला होता. नाल्यात उतरल्यावर सुभेदारांनी गाडी थांबवली. छातीवर हात ठेवून थोडा वेळ बसले. मग मला उतरायला सांगून ते डाव्या सीटवर सरकले आणि म्हणाले, "आज तुम्ही चालवा. तुम्हाला तर सगळं पाठ हाय."

मी वळसा घालून उजव्या बाजूला गेलो. उजवा हब लावला, ते मला आठवतं, कारण चकती कडक होती आणि अंगठ्याचं नख दुमडलं. मग बॉनेटपुढून डाव्या बाजूला आलो. चाकाशी वाकलो. तेवढ्यात सुभेदारांनी खिडकीतून पाणी मागितलं. मी उठलो, मागची बाटली काढली, त्यांना दिली. त्यांनी दोन घोट घेतले. मी वळसा घालून स्टिअरिंगवर बसलो.

त्यांनी विचारलं, "हब लावले?"

मी म्हणालो, "हो."

ते उतरले नाहीत.

जीप अर्ध्या चढापर्यंत गेली आणि मागे घसरली. मी तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी ते काही म्हणाले, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मग मी पाड्याकडे पळालो. माणसं बैल घेऊन आली, जीप ओढून वर काढली, आणि त्यातल्या एकानं ती पुढे चालवली. त्र्यंबकला पोचलो तेव्हा सुभेदार नव्हते.

दुसऱ्या दिवशी जीप रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये उभी होती. मी तिथे का गेलो, ते सांगता येत नाही. सगळी जीप लाल चिखलानं माखलेली होती. उजवा हब चिखलाखाली दिसतही नव्हता. डावा हब पुसलेला होता, आणि लागलेला होता.

मी विचारलं, "हा कुणी पुसला?"

रशीदभाई म्हणाले, "गाडी आली की मी बघतो ना सर, पुसून."

"मग उजवा?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, पुन्हा उचलला. म्हणाले, "राहिला असेल."

तेराव्यानंतरच्या रविवारी मी टपरीवर गेलो. जीपा दोनच होत्या. चहा आला. कुणी काही विचारलं नाही. नियमाप्रमाणे त्यांना विचारता येत नव्हतं, आणि बहुधा त्यांना विचारायचंही नव्हतं. मी म्हणालो, की उजवा हब मी लावला. डाव्याशी वाकलो होतो. चकती फिरवली की नाही, ते मला आठवत नाही. सुभेदारांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणालो.

मग रशीदभाईंनी खाली बघत विचारलं, "पुढची चाकं फिरत होती का, सर?"

हब लागलेले असते, तर चिखलात पुढची चाकंही फिरली असती. खिडकीतून मान बाहेर काढली असती, तर समजलं असतं. चालकानं पुढच्या चाकांकडे नजर ठेवावी, हे वाक्य मीच माझ्या अक्षरात वहीत लिहिलं आहे. मी पाहिलं नव्हतं. मी सुभेदारांकडे पाहत होतो.

रशीदभाई म्हणाले, "दोन्ही लागले होते. मी स्वतः बघितले." त्याच वेळी गिरीश म्हणाला, "त्या चिखलात लागले असते तरी काही..." आणि थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग गिरीशनं विषय टायरवर नेला. त्या जीपचे टायर किती झिजले होते, त्या नक्षीत लाल माती कशी भरते, भरलेल्या टायरनं कुठलाच चढ कसा चढता येत नाही. रशीदभाई त्याला दुजोरा देत गेले. दोघं तासभर टायरवर बोलले. सुभेदारांचं नाव कुणी काढलं नाही. मी ऐकत होतो. ते बोलणं माझ्यासाठी चाललं होतं एवढं समजलं. ते खरं होतं की नाही, ते समजलं नाही.

महिन्याभरानं काकींनी, म्हणजे सुभेदारांच्या पत्नीनं, मला मळ्यावर बोलावलं. हबचं त्यांना मी सांगितलं. टायरचंही सांगितलं. त्या फुलांच्या जुड्या बांधत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, "त्यांचं छातीचं दुखणं दोन महिन्यांचं होतं. मला ठाऊक होतं. मीबी त्यांना दवाखान्यात नेलं नाय. ते नको म्हणाले आन मी ऐकलं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "गाडी तुम्ही घेऊन जा. पुस्तक ज्याच्याकडं हाय, गाडी त्याची, असं ते म्हणायचे."

त्यांना अर्ध्या तासानं फरक पडला असता का, हे मी एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. चढावरच्या तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी सुभेदार काय म्हणाले होते, ते मी पुष्कळ आठवून पाहतो. कधी वाटतं 'हब' म्हणाले. कधी वाटतं 'राहू द्या' म्हणाले.

गिरीश आणि रशीदभाई अजून रविवारी येतात. मी चढावर चालवायला शिकलो. चढाआधी उतरतो, उजवा लावतो, डावा लावतो, पुन्हा फेरी मारून दोन्हींना हात लावतो. जीप माझ्या दारात आहे. वही पुढच्या कप्प्यात आहे. त्या दिवशी डावा हब लागला होता की नाही, मला माहीत नाही.