आरशावरचं हळदकुंकू

दसऱ्याच्या सकाळी न्हाऊन बाहेर आले आणि किंचाळलेच. माझ्या दुर्बिणीच्या आरशावर हळदकुंकू!

ताटाएवढा आरसा तो. नळीतून काढून, धुऊन, सुकायला टेबलावर ठेवलेला. शेजारी झेंडू, उदबत्ती आणि हात जोडून उभ्या सासूबाई. दसऱ्याला आमच्याकडे विळी, पक्कड, स्कूटर, सगळ्यांची पूजा होते. यंदा दुर्बिणीचाही नंबर लागला. आठवडाभर मीच घोकत होते ना, "आई, दुर्बिणीचा सगळा जीव या आरशात." मग त्यांनी जिवाचीच पूजा केली!

आणि नेमक्या त्याच संध्याकाळी नेपच्यूनच्याही पलीकडचा एक बटुग्रह एका ताऱ्यासमोरून जाणार होता. शास्त्रज्ञांनी आकाशाच्या एकाच तुकड्याचे पुन्हा पुन्हा फोटो काढले, सगळे ठिपके जागच्या जागी, एक तेवढा सरकला. असा तो सापडलेला. पण ठिपक्यावरून आकार कसा कळावा? तो ताऱ्याआड आला की तारा काही क्षण दिसेनासा होतो. ठिकठिकाणच्या हौशी मंडळींनी ते क्षण मोजायचे, म्हणजे ग्रहाचं माप हाती येतं. त्याची सावली आमच्या खडकवासल्याकडच्या गच्चीवरून जाणार होती. मागच्या खेपेला ढगांनी माझी फजिती केली होती. यंदा आभाळ लख्ख, तर आरशावर हळद!

"अहो आई, याला नुसतं पुसताही येत नाही हो! ओरखडा पडला की संपलं सगळं!" मी नको तेवढ्या जोरात बोलले.

त्या निरांजन उचलून आत निघून गेल्या. दुपारी त्यांच्या पानातलं श्रीखंड तसंच राहिलं. "वर्षाचा सण, आणि माझ्या हातून हे," एवढंच म्हणाल्या. मीही पुरी अर्धी टाकून उठले.

जेवणं झाल्यावर, अख्खं पुणं घोरत असताना, हा आता धुवायचा कसा म्हणून मी आरसा घेऊन बसले. बघते तर हळदकुंकू बरोब्बर मधोमध! नळीच्या तोंडाशी एक छोटा आरसा असतो, त्याची सावली नेमकी तिथेच पडते. ताऱ्याचा उजेड त्या जागेवर पोचतच नाही. अख्ख्या आरशात बिनकामाची तेवढीच जागा! मी धावत आत गेले.

"आई, काही म्हणजे काही बिघडलं नाही! पण मधोमध कसं लावलंत?"

"मग काय कानाला लावू?" म्हणाल्या. मग हळूच, "खरं सांगतेस, की माझं मन राखतेस?"

पटलं नव्हतंच त्यांना. आता मला वेगळीच धास्ती. ढग आला, सावली जरा सरकली, काहीही झालं तरी ही बाई जन्मभर स्वतःलाच दोष देणार.

दिवेलागणीनंतर गच्चीवर जमलो. आरसा डागासकट पुन्हा नळीत, दुर्बिणीला कॅमेरा, त्याला लॅपटॉप, पडद्यावर तो एक तारा. सासूबाई खुर्ची ओढून अगदी पुढ्यात. शेजारीण सोनं द्यायला वर आली, आपट्याची पानं पुढे केली. "थांब गं बाई, आधी तारा जाऊ दे!" सासूबाईंनी तिला थोपवलं.

वेळ झाली. तारा तिथेच. वेळ टळली, तरी तिथेच.

"बघ, मी म्हटलं नव्हतं..." त्यांचा आवाज चिरकला.

आणि तारा गेला. पडद्यावर नुसता काळोख.

"गेला! अगं, गेला!" त्या खुर्चीतून उठल्याच. श्वास रोखून बघत राहिलो. मग टपकन जागेवर हजर. "आला गं बाई!"

मी त्यांना मिठीच मारली. शेजारीण टाळ्या पिटत होती, कशासाठी ते तिला ठाऊक नसेल. "एवढासा ग्रह, आणि अख्खा तारा झाकला," मी म्हटलं. "बटूला हसू नये," सासूबाई म्हणाल्या, "त्याने बळीला पाताळात घातलं होतं." खाली येऊन त्यांनी वाटीभर श्रीखंड चाटूनपुसून खाल्लं. मला इतका आनंद झाला की मीही वाटी पुढे केली.

पुढे सगळ्यांच्या वेळा जुळवल्यावर कळलं, ग्रह अगदी गोल नाही, पेढ्यासारखा चपटा आहे. त्यात आमच्या गच्चीचीही वेळ धरली होती. सासूबाईंनी ही बातमी भाजीवाल्यापर्यंत पोचवली.

डाग मी धुतला नाहीच. पुढच्या दसऱ्याला आरसा काढायची काही गरज नव्हती, तरी काढला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

"मधोमध हं, आई."

"मला शिकवू नकोस," म्हणाल्या, आणि जुन्या डागावरच बोट टेकवलं.